ब्लॅकआउटची खोली

आमच्या घरात युद्ध सुरू झालं ते मुलगा हॉस्टेलला गेल्यावर, असं माझा नवरा सांगतो. माझ्या मते ते आधीपासूनच चालू होतं, फक्त माळ्यावर आणि पलंगाखाली होतं. मुलाची खोली रिकामी झाली तेव्हा युद्धाला हक्काची जागा मिळाली, इतकंच.

मला जुन्या वस्तूंचा नाद आहे. सरसकट सगळ्या वस्तूंचा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मुंबईतल्या साध्या नोकरदार माणसाच्या खोलीत जे काय असेल तेवढंच मला हवं असतं. पदकं, टोप्या, संगिनी जमवणारे पुष्कळ आहेत, त्यांना त्यांची हौस लखलाभ. मला हवं होतं ते घरातलं. वरून विमानाला उजेड दिसू नये म्हणून दिव्यावर चढवायचं पत्र्याचं टोपडं. काचा फुटून अंगावर उडू नयेत म्हणून खिडकीवर चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या. जिन्यात टांगलेली वाळूची लाल बादली. लढाई तिकडे ब्रह्मदेशात झाली, पण दिवे गिरगावात विझवले, आणि विझवले म्हणजे कसे, कशाने, कोणी, हे धड कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला त्याचा राग यायचा. सेनापतींनी सकाळी काय खाल्लं तेसुद्धा पुस्तकात सापडतं, पण चाळीतल्या बाईने काळोखात भाकरी कशी भाजली ते सापडत नाही.

ही वर्षं दोन हजार सालानंतरची. मुंबईतल्या चाळी एकेक करून पडत होत्या, टॉवर उठत होते, आणि तिथली माणसं आमच्यासारखी मीरा रोडला येत होती. आम्ही गिरगावातून उठून सिल्व्हर पार्कात दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आलो. माणसांच्या मागोमाग त्यांच्या चाळींच्या दारंखिडक्या, खुंट्या आणि भांड्यांच्या मांडण्याही टेम्पोत भरून हायवेकडच्या भंगारवाल्यांकडे यायला लागल्या. मी फोर्टात विम्याच्या ऑफिसात नोकरी करायचे. जेवणाच्या सुट्टीत घाईघाईने डबा संपवून ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळायच्या आणि रविवारी भंगारात हात घालायचा, हा माझा क्रम. भंगारवाला मला लांबून येताना बघूनच हसायचा. "भाभी, आज क्या ढूँढ रहे हो, तोप?" असं विचारायचा.

नवऱ्याने आधी नव्याचे नऊ दिवस म्हणून सोडून दिलं. मग मी मुलाच्या खोलीची भिंत खरवडायला घेतली तेव्हा तो जागा झाला. पण तोवर उशीर झाला होता. एका पाडलेल्या चाळीची दाराची चौकट मी आणली होती आणि तिच्यावरचे रंगाचे थर ब्लेडने एकेक करून उघडे केले होते. त्यातला एक थर फारच पातळ, जेमतेम लाकूड झाकणारा, मळकट हिरवा. रंगाची टंचाई असताना मारलेला हात असणार तो, असं मी ठरवलं आणि दाराखिडकीसाठी तसाच हिरवा घोटून घेतला. भिंतीला वर चुन्यात नीळ आणि खाली कमरेपर्यंत गेरूचा पट्टा. पेंटर वैतागून म्हणाला, "मॅडम, हे पुसायचं आहे की लावायचं आहे?" मी म्हटलं, तू लाव, पुढचं मी बघते.

सहा-आठ महिन्यांत खोली सजली. लोखंडी पलंग, भिंतीला फळी, खुंट्या, पितळी पिंप, मधोमध गोल तिवई आणि तिच्या बाजूला हिरवी पत्र्याची ट्रंक, जिच्यावर पांढऱ्या रंगाने कुठल्याशा पलटणीचा नंबर घातलेला होता. आरामखुर्ची अशी तिरकी ठेवली की दारातून आत बघणाऱ्याची नजर आधी तिच्यावर पडावी. ऑफिसातल्या मैत्रिणी बघायला आल्या की मी दारातच उभं करून सगळं सांगायचे. आत पाय ठेवू द्यायचे नाही.

आता सासूबाईंचं सांगते, कारण खरी गोष्ट त्यांची आहे.

सासूबाई आमच्याबरोबर राहायच्या. त्यांना काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरली आहे ती जपायची. ती उरलेलीही हळूहळू चालली होती. बाजूचं काही दिसायचं नाही, समोरचं धुकट दिसायचं. एक दिवस आम्ही दोघं ऑफिसात असताना हॉलमधल्या टीपॉयला अडखळून त्या पडल्या. हाड मोडलं नाही, पण हिंमत मोडली. त्या दिवसापासून ज्या गॅलरीजवळच्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. पाणी हवं तरी आम्ही येईपर्यंत थांबायच्या. तासन्‌तास तहानलेली म्हातारी घरात बसलेली आहे हे माहीत असताना मी ऑफिसात पॉलिसीचे कागद तपासत असायचे, आणि चुका करायचे.

धाकटे दीर नाशिकला असतात. बंगला आहे, जाऊबाई दिवसभर घरी असतात. ते म्हणाले, दिवाळी झाली की मी गाडी घेऊन येतो आणि आईला घेऊन जातो, आता तिथेच राहू दे कायमची. यात चुकीचं काहीच नव्हतं. नवऱ्याने मान डोलावली. मीही काही बोलले नाही.

सासूबाई मात्र बोलल्या. "मी नाही जायची," म्हणाल्या.

याच बाई मीरा रोडला आल्या तेव्हा वर्षभर आम्हाला शिव्या घालत होत्या. मला कुठल्या रानात आणून टाकलंत, इथे धड भाजी मिळत नाही, सगळे हिंदी बोलतात. पण समोरच्या फ्लॅटमध्ये एक गुजराती बेन राहायच्या, त्यांच्याच वयाच्या. दोघींचं पहिलं भांडण डाळीत गूळ घालावा की नाही यावरून झालं आणि ते मिटलंच नाही. रोज संध्याकाळी खाली बाकावर बसून सासूबाई मोडक्या हिंदीत आणि बेन मोडक्या मराठीत तावातावाने वाद घालायच्या. सासूबाई पडल्यापासून त्यांचं खाली जाणं बंद झालं. बेन मग अधूनमधून वर यायच्या, "बा, चलो ने, हवा खाने," म्हणायच्या, आणि सासूबाई नको म्हणायच्या.

"नाशिकला सगळं आहे आई," मी एकदा म्हटलं. "तुमची नीट काळजी घेतील."

"घेतील ना. पण भांडायला कोण आहे तिथे?" त्या म्हणाल्या. "तुझी जाऊ इतकी गोड आहे की तिच्याशी भांडायची सोय नाही."

माझ्याशी भांडायची सोय आहे, असा त्याचा अर्थ. माझं आणि त्यांचं अगदी सख्य होतं असंही नाही. पण बाई निघून गेली तर घर ओकंबोकं होईल हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. दिवाळी महिन्या-दीड महिन्यावर आलेली.

या सगळ्यात कंदिलाचं प्रकरण झालं. भाईंदरला मासे घ्यायला जायचे तिथली कोळीण माझ्या ओळखीची होती, खाडीकाठच्या मोरवा गावची. घासाघीस करता करता मी तिला काळ्या केलेल्या दिव्यांचं काहीतरी सांगत होते, तर ती म्हणाली, "ताई, तसला कंदील आमच्या घरी हाय. माझ्या सासूच्या सासऱ्याचा. होडीवर लावायचा तो." बोंबील तिथेच टाकून मी तिच्या घरी जायला निघाले, पण धंदा टाकून ती कशी येणार? दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून गेले.

पडवीत खिळ्याला कंदील लटकत होता. अख्खी काच काळी, मध्ये फक्त बोटभर फट उजेडाला ठेवलेली. तिची म्हातारी सासू सांगायला बसली. "लढाईत सरकारनं सांगितलं व्हतं, खाडीत उजेड दिसता नये. म्हनून माज्या सासऱ्यानं होडीचं डांबर फासलं त्याला. मंग लढाई संपली, कंदील तसाच ऱ्हायला." मी जवळ जाऊन बघितलं. डांबरात ब्रशचे केस अडकलेले आणि फटीच्या कडेला एका अंगठ्याचा ठसा, रेषान्‌रेषा दिसणारा. इतकी वर्षं जे शोधत होते, कोणी आणि कशाने, ते एका काचेवर होतं.

विकत मागितला तर म्हातारी हसली. पैसे नकोत, ने म्हणाली. पण त्या दिवशी अवस होती. "अवसेला घरातला दिवा बाहेर देत न्हाय. आयतवारी ये."

रविवारी गेले. कोळणीने हसत हसत आतून कंदील आणला. लख्ख. रॉकेल लावून डांबर काढलेलं, राखेने काच घासलेली, पितळी झाकण चिंचेने चकचकीत केलेलं, नवी वात घातलेली आणि वर हळदीकुंकवाची बोटं. मी ठशाच्या जागेवर बोट फिरवलं.

"लय चिवट व्हतं," कोळीण म्हणाली. "दोन दिस घासत व्हते."

"असा काळा दिवा पावन्याच्या हातात देतात व्हय?" म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याची हजेरीच घेतली असती, पण त्या दोघींच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक होतं की मला ओरडताही येईना. वर त्यांनी जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि सुका जवळा. जवळा इतका सुंदर झाला होता की मी रडवेल्या तोंडाने दोन भाकऱ्या खाल्ल्या. रिक्षात बसल्यावर मात्र डोळे भरून आले. रिक्षावाल्याला वाटलं माझ्या घरी काहीतरी वाईट झालं असावं, त्याने बिचाऱ्याने गाणी बंद केली.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. मला थोडी सहानुभूती हवी होती. त्या हसायला लागल्या. पडल्यापासून पहिल्यांदा हसल्या, आणि अशा हसल्या की खोकला आला.

"दोन दिवस घासलंन?" त्या म्हणाल्या. "गुणाची हो पोर. आण बघू इकडे."

त्यांनी कंदील मांडीवर घेऊन सगळा चाचपला. "मग पुन्हा काळा करायचा. त्यात काय एवढं?"

"अहो आई, तो ठसा होता ना. अंगठ्याचा. तो कुठून आणू?"

"अंगठा मलाही आहे," त्या म्हणाल्या. "जा, निरांजन लावून त्यावर ताटली पालथी धर."

युद्धाच्या वेळी त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या, ठाकुरद्वारच्या चाळीत. हे मला माहीत होतं आणि मी त्यांना कितीदा तरी विचारलेलंही होतं. दर वेळी एकच उत्तर मिळायचं, "आमच्याकडे कुठलं आलंय युद्ध? साखर मिळत नव्हती मेली." पण त्या दुपारी ताटलीवर धरलेली काजळी बोटाने गोळा करता करता त्या बोलायला लागल्या. त्यांच्याकडे डांबर नव्हतं, काजळीत डिंक कालवून बल्ब आणि खिडकीच्या काचा काळ्या करायचे. वडिलांनी खाकी कागद चिकटवायला तांदळाच्या कण्यांची खळ केली तेव्हा आईने त्यांना असं झापलं की सगळी चाळ ऐकत होती. रेशनला तांदूळ मिळत नाहीत आणि हा माणूस खिडकीला भात भरवतोय. बोलता बोलता सासूबाईंनी काच सारवली, बोटभर फट सोडली, आणि कडेला अंगठा दाबला. डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नसताना फट सरळ आली होती.

"आता तुझी ती खोली दाखव मला," म्हणाल्या.

एवढे महिने खोली घरात होती आणि त्या कधी आत आल्या नव्हत्या. एका हातात काठी, दुसऱ्याने माझा हात धरून आल्या. दारातून दोन पावलं टाकली आणि काठी ठण्णकन ट्रंकेवर आपटली.

"हे मधे कोणी ठेवलंय?"

"मीच. म्हणजे ट्रंक आहे, पलटणीची."

काठी पुढे सरकली आणि तिवईला लागली. मग आरामखुर्चीला. "हे?" असं विचारत त्या थांबत गेल्या. मी सांगत गेले. शेवटी म्हणाल्या, "अगं, ही कसली युद्धाची खोली? ब्लॅकआउटमध्ये मधे तिवई? सगळ्यांच्या नडग्या फुटल्या असत्या. तेव्हा खोलीच्या मधे काही नसायचं. सगळं भिंतीला. आणि रात्रीचं अंथरूणसुद्धा पायवाट सोडून."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतक्या फायली चाळल्या, रंगाचे थर मोजले, आणि या म्हणतात कसली खोली. "आई, फोटो बघून लावलंय सगळं," मी म्हटलं.

"फोटो उजेडात काढतात," त्या म्हणाल्या. "कागद लाव खिडकीला."

मीही इरेला पेटले. खाकी कागद आणून खिडकी बंद केली, दार लावलं. दुपारचे तीन वाजले होते, पण आत मिट्ट काळोख. त्या पलंगावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "आता मला पिंपातलं पाणी दे." खोली माझी, सामान माझं, एकेक वस्तू मी स्वतः मांडलेली. तिवईचा पाय मला असा लागला की बोंबलत खाली बसले.

"बघ," त्या अंधारातून म्हणाल्या. त्यांना फार मजा वाटत होती.

मग त्यांनी सुतळीचं सांगितलं. त्यांच्या वडिलांनी खोलीच्या भिंतीला, पोरांच्या हाताशी येईल अशी, खुंटीखुंटीवरून सुतळी बांधली होती. पलंगापासून निघून सगळ्या खोलीला वळसा घालून दारापर्यंत. पाण्याच्या पिंपाशी एक गाठ, मोरीशी दोन, दाराशी तीन. संध्याकाळी दिवे गेले की वडील एकेकाला कामाला लावायचे. तू पाणी आण, तू काडेपेटी, तू आजीची काठी. जो न धडपडता पहिला येईल तो जिंकला. "युद्धाचं मला एवढंच आठवतं," सासूबाई म्हणाल्या. "काळोखात मी पहिली यायचे. नेहमी."

खुर्चीत बसून पाण्याची वाट बघणाऱ्या बाईचा तो आवाज नव्हता. मग मी उठून दार उघडलं आणि तिवई उचलून बाहेर नेली.

पुढच्या रविवारी नवऱ्याने ड्रिल घेऊन भिंतीत आकडे ठोकले. मी जाड सुतळी आणली आणि पिंपात प्यायचं पाणी भरलं. ट्रंक पलंगाखाली गेली, आरामखुर्ची कोपऱ्यात भिंतीला टेकली, आणि माझी खोली फोटोत काढण्यासारखी राहिली नाही. सासूबाई पहिल्यांदा चालल्या तेव्हा मी मागे हात पसरून उभी होते. त्यांनी मला दटावून बाहेर काढलं. एका हाताने सुतळी धरून त्या पिंपापर्यंत गेल्या, गाठ चाचपली, फुलपात्र भरलं आणि प्यायल्या. स्वतःच्या हाताने. मी दारात उभी राहून पदराने नाक पुसत होते आणि नवरा ड्रिलची वायर गुंडाळत बसला होता, कितीतरी वेळ.

दुसऱ्या दिवशी त्यांची फर्माईश आली. "हॉलमध्येही बांध."

"आई, हॉल युद्धातला नाही," मी म्हटलं. हॉलमध्ये शोकेस होतं, सोफा होता, गुळगुळीत टाइल्स होत्या. तिथे सुतळी म्हणजे शोभा.

"युद्ध काय एकाच खोलीत होतं का?" त्या म्हणाल्या.

त्यांच्यापुढे कोण बोलणार? हॉल झाला, स्वयंपाकघर झालं, बाथरूम झालं. टीपॉय मी आनंदाने भंगारवाल्याला दिला. त्याला माझ्याकडून उलट माल आलेला बघून धक्काच बसला. चहाच्या डब्याला एक गाठ, साखरेला दोन, गॅसच्या बटणापाशी तीन. घर धोब्याच्या घाटासारखं दिसायला लागलं. बेन बघायला आल्या, सगळीकडून फिरल्या आणि म्हणाल्या, "बा, ये तो मकडी का घर बनाया." सासूबाई म्हणाल्या, "मकडी कभी गिरती नहीं." यावरून दोघींचं पुन्हा जुंपलं, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

पण आम्ही दोघं घरी असतानाच चालायचं, एकटीने नाही, अशी मी सक्त ताकीद देऊन ठेवली होती. माझ्या जिवाला घोर होता. त्या हो म्हणायच्या.

दिवाळी झाली आणि पुढच्या रविवारी दुपारी धाकटे दीर गाडी घेऊन आले. संध्याकाळच्या आत निघायचं होतं, घाटात उशीर नको म्हणून. सासूबाईंची बॅग नवऱ्याने भरून ठेवली होती. मी भरली नाही. भरणारही नाही म्हणून सांगितलं होतं.

दिरांनी सुतळ्या बघितल्या. सासूबाईंनी त्यांना चालून दाखवलं, स्वयंपाकघरात जाऊन पाणी आणून दिलं, न सांडता. दिरांच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. पण माणूस विचारी आहे. थोड्या वेळाने मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही खूप केलंत. घरातल्या घरात ठीक आहे हे. पण तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. उद्या हिला चक्कर आली, गॅस उघडा राहिला, तर ही दाराबाहेर जाऊन कुणाला सांगणार? मला तिथे झोप लागत नाही हो."

हीच भीती मलाही होती. नवरा बॅगेकडे बघत होता.

सासूबाई उठल्या. सुतळी धरून दारापर्यंत गेल्या, कडी काढली आणि बाहेर पडल्या. आम्ही तिघं धावलो, कारण बाहेर जिना आहे. पण त्या जिन्याकडे गेल्याच नाहीत. आमच्या दाराच्या चौकटीपासून, जिन्याच्या उलट्या बाजूच्या भिंतीने, कपडे वाळत घालायची गुलाबी नायलॉनची दोरी बांधलेली होती. मी ती तोवर बघितलीच नव्हती. सकाळी घाईत निघायचं, संध्याकाळी दमून यायचं, आणि जिन्यातल्या भिंतीकडे बघतंय कोण? सासूबाई तिला धरून समोरच्या दारापर्यंत गेल्या आणि तळहाताने दार वाजवलं.

बेननी लगेच उघडलं. "आवो बा," म्हणाल्या. मग मागे आम्हाला बघितलं आणि जीभ चावली.

दोघींचं हे रोज चाललं होतं. आम्ही निघालो की अकराच्या सुमाराला सासूबाई दोरीने तिकडे जायच्या, दुपारी बेन इकडे यायच्या, आणि मी येईपर्यंत सासूबाई शहाण्यासारख्या खुर्चीत जाऊन बसायच्या. दोरी बेननी बांधली होती, गाठीही त्यांनीच मारल्या होत्या. एखाद्या दिवशी सासूबाई अकरापर्यंत आल्या नाहीत तर आमच्या घराची चावी बेनकडे होती. ती चावी त्यांना कोणी दिली ते मी अजून विचारलेलं नाही. घरात चावी हरवल्याचा ठपका माझ्यावर होता.

मला आधी संतापच आला. माझी ताकीद, माझ्या जिवाचा घोर, आणि या दोघी रोज मजेत. "आई, पडला असतात तर?" मी म्हटलं, आणि आवाज रडका झाला.

"पडले नाही ना?" त्या म्हणाल्या. मग दिरांकडे तोंड करून, पण जरा चुकीच्या बाजूला बघत म्हणाल्या, "तू चांगला मुलगा आहेस. मला तुझ्याकडे सुख लागेल. पण मी तिथे बसून राहीन रे. सगळं हातात मिळेल आणि मी बसून राहीन. इथे मला चालता येतं."

दिरांनी भिंतीवरची दोरी हातात घेतली. गाठीपाशी बोटं थांबली. मग म्हणाले, "राहा आई."

बेननी सगळ्यांना आत बोलावलं आणि चहा, खाकरा, छुंदा पुढे केला. सासूबाई चहात साखर जास्त म्हणाल्या, बेन म्हणाल्या तुमच्या जिभेला चव नाही. दीर पहिल्यांदाच हे ऐकत होते, ते दोघींकडे आळीपाळीने बघत होते. मी नवऱ्याला हळूच म्हटलं, बॅग रिकामी करून ये आधी.

दीर निघाले तोवर अंधारून आलं होतं. आम्ही सगळे त्यांना पोचवायला दाराबाहेर आलो. जिन्यात काळोख होता आणि ते भिंतीवर दिव्याचं बटण शोधत होते, इकडे हात, तिकडे हात.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "तुला अंधाराची सवय नाही." आणि हात लांब करून त्यांनी बटण दाबलं.